चित्रपटाच्या पोटातील जाहिरात

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयाने विद्यार्थ्यांसाठी गावातील चित्रपटगृहात सकाळचा एक खेळ ठरविला होता. चित्रपट मराठी होता आणि विषय शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाचा. आदल्या रात्री प्रत तपासून पाहिल्यावर तेथील ऑपरेटरचा दूरध्वनी आला. "सर, पिक्चरच्या आधी नाही, पिक्चरच्या पोटातच जाहिरात आहे. काढता येत नाही." जाहिरात वेलचीची होती, परंतु डबीवरचे नाव पानमसाल्यामुळे घरोघर ठाऊक झालेले. पहिल्या वर्षाच्या मुलांपुढे महाविद्यालयाच्या पैशाने ती दाखविणे आम्हा कोणालाच रुचणारे नव्हते. अखेर ऑपरेटरनेच तोड काढली. जाहिरात सुरू होताच प्रक्षेपकाची झडप मिटावी आणि ध्वनी बंद व्हावा अशी आज्ञा त्याने यंत्रात भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीनशे मुले दोन मिनिटे काळोखात बसली. कोणी "लाइट गेली" म्हणून ओरडले, कोणी शिट्या वाजविल्या. मग पडदा उजळला आणि त्यावर पहिल्यांदा दिसली ती कायद्याने बंधनकारक असलेली तंबाखूविरोधी चित्रफीत. एकाच फाइलमध्ये पानमसाल्याच्या नावाची वेलची आणि तिच्या मागोमाग तंबाखूचा निषेध! दोन्हींचे भाडे आम्हीच भरले होते.

प्रसंग लहान आहे, पण त्याने उभा केलेला प्रश्न लहान नाही. पडद्यावर काय दिसावे हे ठरविण्याचा अधिकार आज कोणाकडे आहे? प्रेक्षकाकडे तो कधीच नव्हता. परंतु खेळ लावणाऱ्याकडेही तो राहू नये, आणि नको असलेल्या मजकुरावर त्याला अंधार हा एकच उपाय उरावा, हे कशाचे लक्षण मानायचे?

यंत्राचा दोष नव्हे

याचे उत्तर सहसा 'तंत्रज्ञान' या एका शब्दात दिले जाते. डिजिटल प्रत सीलबंद असते, तिला हात लावता येत नाही, असे सांगितले की सामान्य माणूस गप्प बसतो. वस्तुतः तंत्रज्ञानाची साक्ष नेमकी उलट आहे.

हॉलिवूडच्या मोठ्या कंपन्यांनी २००२ साली एकत्र येऊन डिजिटल प्रक्षेपणाची समान पद्धत ठरविण्याचे काम हाती घेतले आणि २००५ साली तिचा पहिला पूर्ण आराखडा प्रसिद्ध केला. या पद्धतीत चित्रपटाची प्रत म्हणजे एक सलग पट्टी नसते. चित्र एका फाइलमध्ये, ध्वनी दुसऱ्या फाइलमध्ये, उपशीर्षके तिसऱ्या फाइलमध्ये, आणि कोणती फाइल कोठून सुरू करून किती चालवावी हे सांगणारी एक अनुक्रमसूची, असे तिचे स्वरूप असते. मूळ प्रतीला हात न लावता केवळ एक पुरवणी पाठवून तिचा एखादा भाग बदलण्याची सोयही या पद्धतीत आहे. याशिवाय चित्रपटगृहातील सर्व्हरमध्ये त्या दिवसाच्या खेळाची स्वतंत्र सूची असते: आधी जाहिराती, मग झलकी, मग मुख्य चित्रपट. म्हणजे जाहिरात आणि चित्रपट वेगळे ठेवण्याची चोख व्यवस्था यंत्राच्या मूळ रचनेतच केलेली आहे.

अडचण येते ती जाहिरात चित्रपटाच्याच अनुक्रमसूचीत, किंवा त्याहून पुढे जाऊन त्याच्या पहिल्या भागाच्या चित्रातच, विलीन केली जाते तेव्हा. प्रत कुलूपबंद असते, आणि तिची किल्ली ठरावीक सर्व्हरसाठी, ठरावीक मुदतीसाठी आणि ठरावीक अनुक्रमसूचीसाठीच दिलेली असते. ऑपरेटरने जाहिरात गाळून नवी सूची तयार केली, तर त्या सूचीला जुनी किल्ली लागत नाही. चोरी थांबविण्यासाठी केलेले हे कुलूप योग्यच आहे. परंतु ज्या तिजोरीचे कुलूप मालकाच्या ऐवजाच्या रक्षणासाठी, त्याच तिजोरीत कोणी आपले सामान आणून ठेवावे आणि ते बाहेर काढू म्हटले की कुलपाकडे बोट दाखवावे, असा हा प्रकार आहे. जाहिरात आत घालणे हा यंत्राचा धर्म नव्हे. तो कोणा व्यक्तीने घेतलेला व्यापारी निर्णय आहे.

रिळांच्या काळात

ज्यांनी रिळांचे चित्रपट पाहिले आहेत त्यांना जुनी व्यवस्था आठवत असेल. खेळाच्या आरंभी काचेच्या स्लाइडा लागत. गावातील सराफ, साडीचे दुकान, डॉक्टरांचा दवाखाना. त्यांतली एखादी उलटी लागली की सारे सभागृह हसे. मग फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट, मग चित्रपट. तो माहितीपट सक्तीचा होता आणि त्याबद्दल चित्रपटगृहाला आपल्या उत्पन्नातला वाटाही द्यावा लागे. या सक्तीविरुद्ध चित्रपटगृहांचे मालक न्यायालयात गेले आणि १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. माहितीप्रसाराचा हेतू सार्वजनिक हिताचा असेल तर अशी सक्ती आविष्कारस्वातंत्र्याच्या विरुद्ध जात नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

तो काळ सुवर्णयुग होता असे मला म्हणायचे नाही. माहितीपट कंटाळवाणे असत आणि लोक त्या वेळात बाहेर चहा पीत. पण त्या चहातच मुद्दा आहे. माहितीपट वेगळ्या रिळावर होता, त्याला स्वतःचे नाव व स्वतःचे प्रमाणपत्र होते, आणि तो केव्हा संपतो हे सर्वांना कळत असे. बाहेर जाणाऱ्याला केव्हा परत यावे हे ठाऊक होते. सरकारची वस्तू सरकारच्या जागी, सराफाची सराफाच्या जागी आणि दिग्दर्शकाची दिग्दर्शकाच्या जागी होती. रिळ चिकटपट्टीने जोडलेले असे; नको असलेला तुकडा ऑपरेटर हाताने काढू शके आणि परत जोडूही शके. या सोयीचा गैरवापर झाला, गाणी कापली गेली, हे मान्य केले पाहिजे. तरीही एक जबाबदार माणूस यंत्रापाशी उभा होता.

यंत्र कोणाचे, पडदा त्याचा

हा माणूस बाजूला का झाला याचे कारण अर्थशास्त्रात आहे. रिळाची एक प्रत काढण्यास अर्ध्या लाखाहून अधिक रुपये लागत. डिजिटल प्रतीने हा खर्च जवळजवळ नाहीसा केला. एकाच दिवशी तालुक्याच्या गावापर्यंत नवा चित्रपट पोचू लागला आणि लहान निर्मात्यालाही दारे उघडली. हा लाभ खरा आहे. परंतु प्रक्षेपक आणि सर्व्हर महाग होते आणि एकपडदा चित्रपटगृहाच्या मालकाकडे तेवढे भांडवल नव्हते. ते सेवापुरवठादार कंपन्यांनी दिले. यंत्रे भाड्याने आली. त्यांची किंमत वसूल करण्यासाठी निर्मात्याकडून प्रत्येक पडद्यामागे शुल्क घेतले जाऊ लागले, आणि दुसरीकडून जाहिरातींसाठी पडद्यावरचा वेळ विकला जाऊ लागला. प्रत्येक खेळात काय चालले याची नोंद यंत्र स्वतःच ठेवते. त्यामुळे आपली जाहिरात खरोखर दाखविली गेली की नाही हे जाहिरातदाराला घरबसल्या तपासता येते. अशी हमी त्याला स्लाइडांच्या काळात कधीही मिळाली नव्हती.

या व्यवस्थेतील ताण वेळोवेळी उघड झाले आहेत. २०१८ च्या मार्चपासून तमिळ निर्मात्यांनी पुरवठादारांच्या शुल्काविरुद्ध सुमारे दीड महिना नवे चित्रपट रोखून धरले. २०२५ च्या एप्रिलमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने देशातील प्रमुख डिजिटल पुरवठादारांना दंड केला. ज्याचे यंत्र त्याच्याकडूनच चित्रपट घ्यावा अशा स्वरूपाच्या, भाडेकरारांतील अटी आयोगाला स्पर्धेस मारक वाटल्या. या दोन्ही वादांत निर्माता, पुरवठादार आणि चित्रपटगृहाचा मालक यांचे हितसंबंध तपासले गेले. चौथा पक्ष, म्हणजे तिकीट काढून बसलेला माणूस, कोणत्याही करारावर सही करीत नाही. म्हणून तो कोणत्याही वादात पक्षकार नसतो.

बांधून केलेली विक्री

टंचाईच्या दिवसांत काही दुकानदार रॉकेलबरोबर साबणाची वडी घेण्याची सक्ती करीत, ही आठवण वडीलधाऱ्यांना असेल. हवी असलेली दुर्मीळ वस्तू आणि नको असलेली वस्तू एकत्र बांधून विकणे हा प्रकार अर्थशास्त्राला जुना परिचित आहे. चित्रपटाच्या पोटातील जाहिरात ही तशीच बांधलेली विक्री होय. फरक इतकाच की साबण निदान घरी नेऊन वापरता येई.

येथे कोणी म्हणेल की वर्तमानपत्रातही जाहिराती असतातच. असतात, आणि त्यांच्यामुळेच वाचकाला अंक कागदाच्या किमतीहूनही स्वस्तात मिळतो. शिवाय वाचक पान उलटू शकतो. चित्रपटगृहात यांपैकी काहीच घडत नाही. जाहिराती वाढल्या म्हणून तिकीट उतरल्याचा अनुभव कोणाच्या पदरी असेल तर त्याने अवश्य सांगावा. आणि पान उलटण्याची सोय तर नाहीच. दारे मिटलेली, दिवे मालवलेले आणि डोळे समोर लावलेले अशा स्थितीतला माणूस हाच तर येथे विकला जाणारा माल आहे.

या मालाची मोजदाद करणे कठीण नाही. तीनशे प्रेक्षकांच्या सभागृहात वीस मिनिटांच्या जाहिराती दाखविल्या तर एका खेळात शंभर मानवी तास खर्च होतात. दिवसाच्या चार खेळांत चारशे. आठ तासांचा दिवस धरला तर एका पडद्यापुढे रोज पन्नास माणसांची दिवसभराची हजेरी. कारकुनाचा वेळ कार्यालयात मोजला जातो, शिक्षकाचा तासिकेत मोजला जातो. चित्रपटगृहातच तो फुकट कसा?

एका प्रेक्षकाने हा प्रश्न प्रत्यक्ष विचारला. २०२३ च्या डिसेंबरात बंगळुरूच्या एका बहुपडदा चित्रपटगृहात ४ वाजून ५ मिनिटांच्या खेळाला गेलेल्या गृहस्थांना चित्रपट दिसू लागला तो साडेचारला. ग्राहक आयोगाने २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांच्या बाजूने निर्णय दिला. त्यांना मनस्तापापोटी २० हजार आणि खर्चापोटी ८ हजार रुपये द्यावेत, ग्राहक कल्याण निधीत १ लाख रुपये भरावेत आणि तिकिटावर चित्रपट सुरू होण्याची खरी वेळ छापावी, असा तो आदेश होता. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. एका तक्रारीवरून साऱ्या व्यवसायाला नियम घालून देण्याचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे काय, ही शंका रास्तच आहे. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष एवढाच की हा नियम योग्य त्या संस्थेने करावा. नियमाची गरज त्याने खोटी ठरत नाही.

सरकारची पट्टी

जाहिरातींचा विषय निघाला की चित्रपटगृहांकडून सरकारी सूचनांकडे बोट दाखविले जाते. तेव्हा त्यांचाही हिशेब मांडला पाहिजे. २ ऑक्टोबर २०१२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे, ज्या चित्रपटात तंबाखूचे सेवन दिसते त्याच्या आरंभी आणि मध्यास किमान ३० सेकंदांची आरोग्यविषयक चित्रफीत आणि किमान २० सेकंदांचे निवेदन दाखवावे लागते. दोन्हींची बेरीज १०० सेकंद होते. पंचवीस मिनिटांतील उरलेली तेवीस मिनिटे तंबाखूच्या नावावर खर्ची घालता येणार नाहीत.

तंबाखूमुळे होणारी हानी पाहता हे १०० सेकंद मी आनंदाने देईन. माझा आक्षेप आहे तो याच नियमांतील तिसऱ्या तरतुदीच्या अंमलबजावणीला. धूम्रपानाचे दृश्य चालू असेपर्यंत पडद्याच्या तळाशी इशाऱ्याची पट्टी असली पाहिजे, ही ती तरतूद. व्यवहारात ही पट्टी चित्रातच कायमची भाजली जाते. २०१३ साली वूडी ॲलन यांनी 'ब्लू जास्मिन' या आपल्या चित्रपटावर असे इशारे घालण्यास नकार दिला आणि तो चित्रपट भारतात प्रदर्शित झालाच नाही. त्या वेळी वाद आरोग्य विरुद्ध कला असा रंगला. दोन्ही पक्षांनी एक साधा प्रश्न विचारला नाही: ही पट्टी चित्रात भाजण्याची गरजच काय? उपशीर्षके ज्या प्रकारे वेगळ्या फाइलमध्ये राहतात आणि प्रक्षेपणाच्या वेळीच चित्रावर उमटतात, त्याच प्रकारे इशाराही उमटू शकतो. प्रेक्षकाला तो तितकाच दिसेल. मूळ चित्राला मात्र ओरखडा जाणार नाही.

हा केवळ रसिकांचा हट्ट नव्हे. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट अभिलेखागार स्थापन झाले, ते पुढच्या पिढ्यांसाठी चित्रपट मूळ रूपात जतन करण्यासाठी. आजच्या प्रदर्शनासाठी केलेली, पट्ट्या आणि प्रायोजकांनी भरलेली प्रतच जर उद्या शिल्लक राहिली, तर पन्नास वर्षांनी तेथे बसणाऱ्या विद्यार्थ्याला चित्रपटाबरोबर आमच्या काळातील वेलचीही पाहावी लागेल. सरकारने चित्राच्या आत शिरण्याची सवय लावली की व्यापाऱ्यालाही तोच रस्ता मोकळा होतो. आरोग्य खात्याची पट्टी आणि पानमसाल्याच्या नावाची वेलची एकाच फाइलमध्ये शेजारी बसल्या, त्याचे कारण हेच आहे.

आत घातलेली प्रत्येक गोष्ट त्रासदायकच असते असेही नाही. डिजिटल प्रक्षेपणात चित्र आणि ध्वनी यांवर एक अदृश्य खूण उमटविली जाते. तिच्यात ३५ द्विमान अंक असतात: १६ काळाचे आणि १९ स्थळाचे. वर्षभरातील प्रत्येक पंधरा मिनिटांना वेगळा क्रमांक आणि पाच लाखांहून अधिक यंत्रांना वेगळी ओळख, एवढे त्यांत मावते. कोणी सभागृहात चोरून चित्रण केले तर ते कोठे आणि केव्हा झाले हे या खुणेवरून शोधता येते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की ही खूण प्रतीत भाजलेली नसते. प्रक्षेपणाच्या क्षणी तेथले यंत्र ती उमटविते, आणि ती डोळ्यांना दिसू नये, कानांना ऐकू येऊ नये अशी अट असते. निर्मात्याच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी एवढी नाजूक काळजी घेता येते. मग प्रेक्षकाच्या वेळेसाठी ती का घेता येऊ नये?

काय करता येईल

लहान चित्रपटगृहांची बाजू येथे नाकारून चालणार नाही. तालुक्याच्या गावातील एकपडदा चित्रपटगृह आज कसेबसे उभे आहे, आणि जाहिरातींचे उत्पन्न बंद झाले तर त्यांतील काही बंद पडतील. म्हणून जाहिरातींवर बंदी घाला असे मी म्हणत नाही. जाहिरात असावी, पण तिच्या जागी असावी, आणि ती किती वेळ घेणार हे आधी सांगितलेले असावे.

त्यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत, आणि त्यांतील एकीलाही नवे यंत्र लागत नाही. पहिली: चित्रपट प्रमाणन मंडळाने ज्या लांबीच्या चित्रपटाला प्रमाणपत्र दिले, त्यापलीकडचे काहीही चित्रपटाच्या अनुक्रमसूचीत असू नये, जाहिरात खेळाच्या सूचीत स्वतंत्र फाइल म्हणूनच यावी. दुसरी: कायद्याने आवश्यक असलेले इशारे उपशीर्षकांप्रमाणे वेगळ्या फाइलमध्ये द्यावेत. तिसरी: तिकिटावर दोन वेळा छापाव्यात, दारे उघडण्याची आणि चित्रपट सुरू होण्याची. चौथी: मुलांसाठी, शाळा-महाविद्यालयांसाठी ठरविलेल्या खेळांत कोणती जाहिरात दाखवायची नाही हे सांगण्याचा अधिकार खेळ ठरविणाऱ्याला असावा.

जाहिराती नसतील तर तिकीट वाढेल असे सांगितले जाते. वाढेलही. तसे असेल तर ते उघडपणे वाढू द्यावे. जाहिरातींसह एक दर आणि जाहिरातींविना दुसरा दर लावून पाहावा, म्हणजे प्रेक्षक आपल्या वीस मिनिटांची किंमत काय करतो हे सर्वांनाच कळेल. किंमत सांगून केलेल्या व्यवहाराबद्दल अर्थशास्त्राची तक्रार नसते. ती असते किंमत लपविण्याबद्दल.

खेळ सुटल्यावर मी ऑपरेटरचे आभार मानायला वर गेलो. रिळे जोडण्यापासून त्याने या धंद्यात पंचवीस वर्षे काढली आहेत. तो म्हणाला, "सर, पूर्वी पिक्चर तुटलं की लोक मला शिव्या द्यायचे. आज मी मुद्दाम अंधार केला, तरी शिव्या मलाच." पडद्यावर काय यावे हे आता त्या खोलीत ठरत नाही, हे खाली बसलेल्यांना कोण सांगणार? जेथे ते ठरते, तेथपर्यंत प्रेक्षकाची शिट्टी अजून पोचलेली नाही.